ट्रकचा धूर कमी करू नकोस

दादा,

मी ड्युटीला निघालेय. तुझा रिमोटचा, इंधनावर चालणारा छोटा ट्रक गॅलरीत जुन्या टॉवेलवर ठेवलाय.

इंजिन का तापतं ते सापडलं. कार्ब्युरेटरचा स्क्रू तू चांगला अर्धा फेरा आवळला होतास. त्याने वेग वाढला, धूर कमी झाला, पण इंधनाबरोबर त्यात मिसळलेलं वंगणाचं तेलही कमी गेलं आणि इंजिन कोरडंच भाजत राहिलं. मी स्क्रू सैल केलाय. थोडं चालवलंस की इंजिनावर पाण्याचा एक थेंब टाकून बघ. तीन-चार सेकंद चुरचुरला तर ठीक, टाकताक्षणी उडाला तर लगेच बंद कर.

खरं तर तुझ्यावर तोंड सोडणार होते. याला वेगापुढे काही सुचत नाही, असं बाबांपाशी बोललेही. तर म्हणाले, "वेगासाठी नाही गं. मला खोकला येतो म्हणून त्याने धूर कमी केला. इंजिन तापतंय हे मला खिडकीतून आवाजावरूनच पहिल्या दिवशी कळलं. पण एवढं माझ्यासाठी करतोय, म्हटलं कशाला बोला."

गॅरेजमध्ये जन्म गेलेला माणूस, त्यांना काय सांगायचं.

आजपासून ट्रक मागच्या मैदानात ने. बाबांना नुसता आवाज आला तरी पुरे.

आणि त्यांचा छातीचा रिपोर्ट माझ्या कपाटात कपड्यांखाली आहे, तो बाहेर काढून ठेव. संध्याकाळी तिघं बसून बोलू. आठवडाभर आपण त्यांना "सगळं नॉर्मल आहे" म्हणतोय, तोही आवाज ते ऐकतच होते.

छोटी