मोजणारा सोडून अकरा

सोलापूर विमानतळ, सोमवार, ता. ३ नोव्हेंबर २०२५, दुपारी २ वाजून १० मिनिटे

तीर्थरूप आप्पांस, बिरदेवचा सा. न. वि. वि.

आत्ताच विमानातली शेवटची बॅग उतरवून डबा उघडला आहे आणि जेवण्याआधी लिहीत आहे. फोनवर तुम्हाला माझे ऐकू येत नाही, तुमचे ओरडणे मात्र इथे सगळ्यांना ऐकू येते. म्हणून पत्र.

एक डिसेंबरपासून इथे दोनाची चार विमाने होणार. सामान चढवायला, शिडी लावायला किती माणसे लागतील ते नावांसकट लिहून दे, असे ठेकेदाराच्या मॅनेजर महानंदा मॅडमनी मला सांगितले. दहावी नापासाला हे काम का, तर माझे अक्षर चांगले. यादीत ज्याचे नाव नाही, तो घरी.

आज आम्ही बारा जण आहोत. विमाने दुप्पट म्हणून मी चोवीस लिहिले. मॅडम हसल्यासुद्धा नाहीत. मग दिवसभराच्या बॅगा भागून पाहिल्या, तर सहाच माणसे आली. त्यात माझ्या जोडीचा कुमार बसत नाही आणि त्याच्या बायकोला सातवा महिना आहे. चारशे मेंढरांना तुम्ही माणसे कशी ठरवता, तेवढे कळवा.

आपला,
बिरदेव

सांगोला, ता. ९ नोव्हेंबर

चि. बिरदेवास, आप्पाचा आशीर्वाद.

दिवसभराची मेंढरं मोजून माणसं ठरत न्हाईत. रानात चारशेला दोघं बास. संध्याकाळी मेंढवाड्याच्या दारात सगळी एकदम घुसत्यात, तवा सहा जण लागत्यात. तुझी विमानं एकदम कवा येत्यात ते बघ आणि ती घाई मोज. आणि आपली रीत सोडू नको. मोजणाऱ्यानं स्वतःला मोजायचं न्हाय, न्हायतर लांडगा तितनं पुढं मोजतो.

ता. क. दादा, वरचं आप्पांनी सांगितलं तसं मी लिहिलं. ते गावभर सांगतात की सोलापूरची विमानं तूच हाकतोस. आई म्हणते, आधी डबा खात जा.

तुझी बहीण,
राजनंदिनी

सोलापूर, शुक्रवार, ता. २८ नोव्हेंबर, सकाळी ९ वाजून ४० मिनिटे

तीर्थरूप आप्पांस, सा. न. वि. वि.

तुमची दाराची युक्ती अचूक लागू पडली. दुपारी दोन विमाने वीस मिनिटांच्या अंतराने येणार होती. त्या घाईला माणसे मोजली, अकरा नावे लिहिली, मॅडमनी सही केली. काल यादी भिंतीवर लागली. कुमारने स्वतःचे नाव वाचून उडी मारली, मग पुन्हा वाचले आणि मला विचारले की तुझे कुठे आहे.

मी लांडग्याची रीत पाळली होती, आप्पा. स्वतःला मोजलेच नव्हते.

कुमार म्हणाला, माझे नाव खोडून तुझे घाल. मी त्याला यादीजवळ फिरकू दिले नाही. तसाच मॅडमकडे गेलो आणि लांडग्यासकट सगळे सांगितले. त्या या वेळी हसल्या, डोळे पुसेपर्यंत. मग टेबलावरचा नवा कागद दाखवला. विमान कंपनीने एक विमान चाळीस मिनिटे पुढे ढकलले आहे, फेब्रुवारीत वेळा आणखी बदलणार. माझी यादी लागायच्या आधीच जुनी झाली होती. दर वेळी हे नव्याने कोण मोजणार, असे त्यांनी मलाच विचारले. वरच्या ऑफिसला फोन लावून मोजणारा म्हणून बारावा माणूस मागितला आणि माझे नाव स्वतःच्या हाताने लिहिले. मी लिहिणे बरे नव्हे, असे त्यांचे म्हणणे पडले.

आईला सांगा, आज डबा आधी खाल्ला. माया आहे तशीच राहू द्या.

मंजूर माणसे बारा. हजर बारा. मोजणारा धरला आहे. लांडग्याचे तुम्ही बघा.

आपला,
बिरदेव