कंपनीचं ऊन

१२ डिसेंबर २०१७, तबूक

नळ उघडला तर पाणी नव्हे, सुया! फजरच्या नमाजाआधी वजूला हातपाय धुताना बोटं बधिर झाली. आमच्या रत्नागिरीत थंडी म्हणजे पहाटे चादर अंगावर ओढायची, एवढंच. इथे डोंगरात बर्फ पडतो म्हणे.

म्हणून तर कंपनीने आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर सोलरची पॅनलं लावलीत. उद्यापासून महिनाभर हीटर आणि गरम पाणी त्यांवर चालवून बघायचं. जमलं तर डोंगरातल्या गावांचं सगळं काम कंपनीला. हे काम आमच्या ह्यांच्याकडे आहे, आणि हाताखाली शिकायला हाशम, इथलाच सौदी. आता सगळीकडे सौदी माणूस ठेवायचा हुकूम आहे. त्याला शिकवून झालं की आमचं खलास, मी ओळखून आहे. ह्यांचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, जानेवारीअखेर संपतोय. गावांचं काम मिळालं तर दोघंही लागतील. नाहीतर चला घरी! आणि सुफियानची दहावीची परीक्षा मार्चात. पोराचं वर्ष जाईल.

१७ डिसेंबर

हात रिकामे राहिले की डोकं फिरतं. तांदळाच्या पापड्या करायला घेतल्या. पण वाळवायच्या कुठे? गच्चीवर मोकळं ऊनच नाही, सगळं कंपनीने घेतलंय! शेवटी जुनी ओढणी ओली केली, तिच्यावर पापड्या घातल्या आणि ती चारी कोपऱ्यांनी पॅनलला बांधली. काळी काच मस्त तापते. दुपारी असरच्या बांगेपर्यंत खडखडीत!

२१ डिसेंबर

आज तीन ओढण्या. अम्मीने बघायला हवं होतं.

२४ डिसेंबर

ह्यांचं तोंड उतरलेलं. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर दुपारचे आकडे धाडकन पडतात म्हणे. शुक्रवारी सुट्टी, म्हणून स्वतः वर जाऊन बघून आले. वायर ठीक, काचा स्वच्छ, आकडे उत्तम! शनिवारी पुन्हा आपटले. मी म्हटलं, हाशमवर नजर ठेवा, आपण उठलो की जागा कुणाची? हे म्हणाले, उगाच कुणाचं नाव घेऊ नकोस. जेवले नाहीत. चार पापड्या तळून दिल्या, तेवढ्या खाल्ल्या.

३१ डिसेंबर

आकडे आणखी पडले. या अल्ला, पोराची परीक्षा तेवढी होऊ दे.

४ जानेवारी २०१८

भरदुपारी हाशम गच्चीवर आला. मी ओढणीची गाठ मारत होते. तो थबकला. ओढणीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "या उम्म सुफियान..." सुफियानच्या आई, एवढंच म्हणाला आणि बोटाने वर सूर्य दाखवला. काच झाकल्यावर ऊन कुठून मिळणार तिला? एवढी साधी गोष्ट मला कळू नये! शुक्रवारी हे घरी, वर पापड्या नाहीत, म्हणूनच आकडे उत्तम होते. तो गुपचूप मला गाठी सोडू लागला आणि खाली गेला. आता सगळं त्याच्याच हातात.

संध्याकाळी ह्यांना सांगून टाकलं. रडूच कोसळलं. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग ताटातली पापडी उचलून म्हणाले, "म्हणजे इतके दिवस मी माझीच नोकरी तळून खातोय?" आणि असे हसले की सुफियान अभ्यास सोडून बाहेर आला. केवढं ओझं उतरलं माझं! शनिवारी साहेबांना हे स्वतःच सांगणार आहेत. सांगितल्यावर काय होईल ते आम्हा दोघांनाही ठाऊक आहे.

६ जानेवारी

हे सांगायला गेले, तर साहेब हाशमवरच ओरडत होते! पॅनलं पुसायची कापडं मीच वर टाकायचो आणि विसरायचो, असं तो आधीच कबूल करून बसलेला. ह्यांनी बोलायला तोंड उघडलं, तर त्याने टेबलाखालून ह्यांचा पाय दाबला.

१५ जानेवारी

आकडे उत्तम! डोंगरातलं काम मिळालं! ह्यांचा इकामा नवा व्हायला गेला. हुश्श! सुफियानला जवळ घेतलं तर म्हणतो, मम्मी प्लीज, मॅथ्स करतोय. करू दे, इथेच करू दे. आज नळाला मस्त कढत पाणी होतं. हातावर सोडून उगाचच उभी राहिले.

१७ जानेवारी

हाशमला डबाभर पापड्या पाठवल्या आणि ह्यांना विचारायला लावलं, का केलंस असं? तो म्हणाला म्हणे, "तुझी चूक निघाली असती तर तुला विमानात बसवलं असतं. मला काढून कंपनी दुसरा सौदी कुठून आणणार?"

आणि मी महिनाभर त्याच्याच नावाने बोटं मोडत होते.