पाट्यांचं मशीन दिसत नाही

सोमवार, ९

ताईचा फोन. बाबांचा जुना कॉम्प्युटर गेला — कायमचा. नवा लॅपटॉप आणलाय, पण दुकानातल्या नावाच्या पाट्या कोरायच्या मशीनचा प्रोग्रॅम वीस वर्षांपूर्वीचा, नव्यावर चालत नाही. म्हणून लॅपटॉपवाल्याने नव्या विंडोजच्या पोटात जुनी विंडोज बसवून दिली. दोन्ही चालतात. पण आतलीला मशीन दिसतच नाही. नव्या शाळेच्या पंचेचाळीस पाट्या वीस तारखेला द्यायच्यात, आणि लॅपटॉपवाला गेला गावाला.

"तू हेच करतोस ना तिकडे?" ताई म्हणाली.

मी इकडे ऑफिसांच्या छतात शिरून वायरी ओढतो. पण आमच्या इंजिनिअरकडे असंच एकाच्या पोटात एक आहे, त्याचं बघून बघून शिकलोय. म्हटलं, करतो.

मंगळवार, १०

सहाला कामावरून सुटलो, तिथल्याच जिन्यात बसून फोन लावला. ताई म्हणाली, "माझी शिकवणीची मुलं आलीत, बाबांशी बोल." आणि दिलाच फोन त्यांच्या हातात.

तीन वर्षं झाली. दुकानाची किल्ली काउंटरवर ठेवून न सांगता निघालो. तेव्हापासून माझा आवाज ऐकला की "आईला देतो" — एवढंच.

आज म्हणाले, "हां. बोल."

आतल्या स्क्रीनवर काय लिहिलंय विचारलं. अक्षर अक्षर लावून वाचलं — नेटवर्क केबल अनप्लग्ड. "अरे पण केबल लावलेली आहे. मी हाताने दाबून बघितली." म्हटलं, ती बाहेरच्याची. आतल्याची वेगळी, ती नुसती सेटिंगमध्ये असते, तिथे टिक करायची.

"जी केबल दिसत नाही ती निघते कशी?"

म्हटलं, आधी टिक करा. टिक केली, मेसेज गेला. मशीन काही दिसेना.

चाळीस मिनिटं बोललो. नंतर बराच वेळ जिन्यातच बसून होतो.

बुधवार, ११

आज सहाला त्यांचाच फोन.

आतल्याचा पत्ता वाचायला लावला. दहा, शून्य, दोन, पंधरा. मशीनचा पत्ता सुरू होतो एकशे ब्याण्णवने. भेटणार कसे? बाबांना त्यांच्या भाषेत सांगितलं — बाहेरच्याने आतल्याला घरात ठेवून घेतलंय. खिडकीतून जग दाखवतो, दार उघडत नाही.

मग म्हणाले, "दार कुठून उघडायचं ते सांग."

ब्रिज लावला, म्हणजे आतल्याला थेट बाहेरच्या नेटवर्कवर नेणारी सेटिंग. मशीनच्या रांगेतला पत्ता हाताने टाकून घेतला. तरी नाही. "उद्या बघू," म्हणाले. उद्या!

गुरुवार, १२

दुपारी छतात पालथा पडून वायर सरकवत होतो, तेव्हा कळलं. लॅपटॉपला वाटा दोन — एक वायफायची, एक केबलची. ब्रिज बांधला गेलाय वायफायवर आणि मशीन आहे केबलवर. यादीतून दुसरं नाव निवडायचं, संपलं. दहा सेकंदांचं काम.

संध्याकाळी सांगितलं नाही. म्हटलं, आधी फायरवॉल बघू. मग म्हटलं, सगळं बंद करून चालू करा.

"हे चालू होईस्तोवर सांग, जेवणाचं काय करतोस?" सांगितलं. "झोपायला?" एका खोलीत सहाजण, सांगितलं. "पाठ दुखते का छतात?" हेही विचारलं.

हलकट आहे मी. उद्या सांगतो.

शुक्रवार, १३

नाही सांगितलं.

शनिवार, १४

सुट्टी. दिवसभर दुकान डोक्यात. लहानपणी दुपारी मशीनच्या टेबलाखाली झोपायचो. वर सुई प्लास्टिकवरून फिरायची, पांढरी भुकटी माझ्या केसांत. आई म्हणायची, "बघा, लेक बापाच्या आधी म्हातारा झाला." पाटी झाली की बाबा ती तोंडाशी धरून फुंकर मारायचे, मग नाव दिसायचं. तो जळकट वास अजून नाकात आहे.

त्यांना वाटायचं, आता याने स्टुलावर बसावं. मला वाटायचं, दुसऱ्यांच्या दारावरची नावंच कोरायची का जन्मभर? नववीतून उठलो, तसा दुकानातूनही उठलो. पायाला भिंगरी.

आज फोनवर मागे तीच घरघर ऐकू आल्यासारखी वाटली. विचारलं तर म्हणाले, "शेजारी ड्रिल मारतायत." माझे कानच तिकडे जाऊन बसलेत.

रविवार, १५

बाबांनी घोळ घातला. मंगळवारी घालवलेला तोच मेसेज परत वाचून दाखवला. वय झालं. मी पुन्हा टिक करायला लावली, चिडलो नाही. एके काळी माझी एक रेघ हलली तर दुकान डोक्यावर घ्यायचे. आज विचारतात, "चुकलं का रे माझं?"

म्हटलं, नाही, बरोबर आहे.

मंगळवार, १७

शेजारच्या खाटेवरच्या वेल्डरला सगळं सांगून टाकलं. तो हसेल वाटलं होतं. म्हणाला, "म्हणजे बापाची ऑर्डर बुडवून गप्पा मारतोयस? शहाणाच आहेस." मग कूस बदलून म्हणाला, "नुसता फोन करून बोलता येत नाही का?"

नाही येत. त्याला काय माहीत.

बुधवार, १८

सांगितलं. ब्रिजच्या खालचं नाव बदला, केबलवालं घ्या.

मग, "हां. दिसलं मशीन."

गुरुवारीच कळलं होतं मला, हे तोंडातून निघालं नाही. विचारलं, दोन दिवसांत पंचेचाळीस होतील? "बघू," म्हणाले. आवाज पडलेला. माझ्यामुळे.

"बरं मग."

"बरं."

दोघांनीही फोन लवकर ठेवला नाही.

गुरुवार, १९

सहाला जिन्यात बसलो. फोन नाही आला. कशाला येईल?

शुक्रवार, २०

दुपारी राहवेना, ताईला विचारलं, पाट्या झाल्या का. म्हणाली, "कधीच्याच. सोमवारी देऊनही आले बाबा. लॅपटॉपवाला गेल्या शुक्रवारी गावाहून आला, त्याने दोन मिनिटांत करून दिलं. मी तुला सांगणार होते, तर बाबा मलाच म्हणाले, तू मध्ये बोलू नकोस."

सहाला फोन वाजला. बाबा.

"अरे, ते परत बंद पडलंय."

म्हटलं, स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचा. सावकाश वाचा, घाई नाही.