तीन किलो मीठ

रविवार, ४ मार्च
सकाळी, चहानंतर

चि. ठमाबाईस अनेक आशीर्वाद.

तू आणि पोटातलं आगाऊ माणूस, दोघंही ठीक असाल असं धरून चालतो. जावईबापूंचा बोटीवरून फोन आला की त्यांना सांग, वेळेवर जेवत जा म्हणावं. सगळ्या बोटीचा स्वयंपाक करणारा माणूस स्वतः उपाशी राहतो हे काही बरं नाही. मी मजेत आहे. अक्षर जरा वाकडं आलं आहे तिकडे लक्ष देऊ नकोस, पेन नवीन आहे.

परवा तू पुन्हा विचारलंस, "बाबा, तिकीट काढलंत का?" मी नळवाला येणार असल्याचं कारण सांगितलं. त्याच्या आधी दाढ दुखत असल्याचं सांगितलं होतं. तू नुसतं "बरं" म्हणालीस. तुझं असलं "बरं" मी लहानपणापासून ओळखतो. बाळ याच महिन्यात येणार, जावई आणखी तीन महिने समुद्रावर, सासरी करणारं कोणी नाही आणि तुझी आई तर आता नाहीच. पहिले तीन महिने मी येऊन सांभाळतो, असं मीच छाती पुढे काढून सांगितलं होतं. तेव्हा तू रागावली असशील तर तुझं चुकलेलं नाही.

पण मी नुसता बसून होतो असं समजू नकोस. वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंना तुझ्या आईच्या जुन्या सुती चादरी दिल्या. त्यांनी त्यातून दुपटी, लंगोट आणि टोपडी शिवून दिली. मी ती सगळी पुन्हा पुन्हा धुतली, म्हणजे शिवणीचा दोरा बाळाला टोचायला नको. एका दुपट्यावर निळा डाग दिसेल. तो तू शाळेत असताना सांडलेल्या शाईचा आहे. शिंपीणबाई तो तुकडा टाकून देत होत्या, मी म्हटलं, राहू द्या.

शिवाय मी वर्गाला जाऊन आलो! दवाखान्यात आई होणाऱ्यांसाठी एक वर्ग भरतो. सगळ्या बायका पोटं सांभाळत बसलेल्या आणि त्यांच्यात मी एकटा टकलू. शिकवणाऱ्या नर्सबाई म्हणाल्या, "आजोबा, कुणाला सोडायला आलात?"

म्हटलं, "कुणाला नाही. मीच विद्यार्थी."

एक पोरगी इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. पण बाहुलीला दुपट्यात गुंडाळायची वेळ आली तेव्हा माझा पहिला नंबर आला. लिफ्टच्या तारा गुंडाळण्यात जन्म गेला आहे माझा. मान कशी धरायची, पाण्यात आधी कोपर का बुडवायचं, दूध पाजल्यावर ढेकर कशी काढायची, सगळं शिकलो. निघताना नर्सबाई म्हणाल्या, "बाहुलीवर जाऊ नका हं. खरं बाळ तीन किलोचं असतं, आणि ते वळवळतं."

ते माझ्या डोक्यात बसलं. घरी येताना दुकानातून मीठ घेतलं, एकेक किलोच्या तीन पिशव्या. त्या टॉवेलात बांधून बाळाएवढं गाठोडं केलं आणि कडेवर घेऊन खोलीतून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून खोलीत अशा फेऱ्या सुरू केल्या. तोंडानं अंगाईसुद्धा म्हणत होतो. दोन-चार फेऱ्या झाल्या आणि टॉवेलाची गाठ सुटली. पिशव्या फुटल्या, घरभर मीठ! शिंपीणबाई आवाज ऐकून खाली आल्या आणि दारातच थबकल्या. "काय हो लिफ्टवाले, घरात बर्फ पडला की काय?" आम्ही दोघं हसलो. मग त्या झाडू शोधायला गेल्या आणि मी खुर्चीत बसून राहिलो.

टेबल डुगडुगतंय, म्हणून ओळ खाली उतरली आहे.

तुला आठवतं का, सुट्टीत तू माझ्याबरोबर कामावर यायचीस? जिन्याच्या पायरीवर "लिफ्ट बंद आहे"ची पाटी मांडीवर घेऊन बसायचीस. आमचा नियम तुला पाठ होता. दुरुस्ती झाली की आधी लिफ्टमध्ये वजन ठेवून ती वरखाली करायची. मग ज्यानं दुरुस्त केली त्यानं स्वतः बसायचं. आणि तरीसुद्धा पाटी त्यानं काढायची नाही. ती दुसऱ्या मिस्त्रीनं तपासून काढायची, कारण आपल्या हातच्या कामात आपल्याला खोट दिसत नाही. एकदा कापड कंपनीचे साहेब चिडून तुझ्या अंगावर आले, "दे ती पाटी इकडे, मला वर जायचंय." तू पाटी पोटाशी धरलीस आणि म्हणालीस, "तपासणाऱ्या काकांनी अजून बघितलं नाही." साहेब पाच मजले चढून गेले. मला इतका अभिमान वाटला होता की घरी येऊन तुझ्या आईला ते दोनदा सांगितलं.

ठमे, गाठ सुटली नव्हती. मी मारलेली गाठ सुटत नाही. माझा हात सुटला.

पेनही नवीन नाही. तू दिलेलंच आहे. टेबल बिचारं गेली कित्येक वर्षं चारही पायांवर धड उभं आहे.

उजवा हात हिवाळ्यापासून थरथरतो. आधी वाटलं, थंडी आहे. मग कप बशीवर वाजायला लागला. मग शर्टाची वरची बटणं लागेनाशी झाली, म्हणून बिनबटणाचे सदरे घालू लागलो. लोकांना सांगितलं की उकडतं. मिठाच्या दुसऱ्या दिवशी मात्र शिंपीणबाईंनी मला डॉक्टरांकडे नेलंच. त्या हसल्या होत्या, पण त्यांनी पाहिलं होतं. डॉक्टर म्हणाले, नसांचं दुखणं आहे, आता सोबतच राहणार. गोळ्यांनी थरथर कमी होईल, जाणार नाही.

ते मीठ झाडताना माझ्या काळजाचं पाणी झालं, कारण मला टॉवेलात मीठ दिसत नव्हतं. तरी खरं सांगतो, त्यानंतरही दोन दिवस मनात आलं होतं की कुणाला सांगू नये, तसंच यावं, जपून वागावं. तू एकटी आहेस, तुला माझी गरज आहे, असं मी मलाच समजावत होतो. मग कळलं की गरज मलाही आहे. तीन महिने कुणाला तरी आपण लागतो, या विचारावर मी हा हिवाळा काढला. म्हणूनच तोंडातून शब्द निघेना आणि दाढ दुखायला लागली.

आता मला काय जमेल ते सांगतो. स्वयंपाक जमतो, जड भांडं सोडून. कपडे धुऊन वाळत घालणं, बाजार, आल्यागेल्याला दारातूनच कटवणं, तू झोपलीस की घर शांत ठेवणं हे सगळं जमतं. बाळाशी गप्पा मारता येतात, अंगाई येते, बेसूर पण पूर्ण येते. बाळाला उभ्यानं घेणार नाही. आंघोळ घालणार नाही, त्यासाठी एखादी बाई बघू. बाळ जवळ असेल तेव्हा गरम पाण्याला हात लावणार नाही. मी खाली गादीवर भिंतीला टेकून बसेन, दोन्ही बाजूंना उशा. तू बाळ माझ्या मांडीवर ठेवायचंस आणि तूच उचलायचंस. पुन्हा मीठ आणून, गाठोडं घेऊन तसं बसून बघितलं. सगळी सकाळ बसलो, पेपर वाचून झाला, काही हललं नाही. शिंपीणबाईंनीही पाहिलं. पण त्या शेजारी, त्यांना माझी दया येते.

पुढच्या शनिवारचं तिकीट काढलं आहे. तू ये म्हणालीस तर येतो, आणि आल्यावर आधी तुझ्यासमोर मीठ मांडीवर घेऊन बसतो. तुला पटलं तरच बाळ. नको म्हणालीस तर तिकीट परत करतो, कपड्यांचं बोचकं पाठवतो, आणि तिथं कामाला चांगली बाई मिळेपर्यंत फोन करकरून सगळ्यांना भंडावून सोडतो. रागावणार नाही. वाईट वाटेल, ते कशाला लपवू. पण पोरी, माझ्याकडे बघून हो म्हणू नकोस. बाळाकडे बघून सांग.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण माझा आवाज अजून ठणठणीत आहे. तुला तो ऐकून मी धडधाकट वाटलो असतो आणि मीही तसंच वाटू दिलं असतं. पत्रात हात दिसतो, म्हणून पत्र. आजवर सही करताना उजवं मनगट डाव्या हातानं धरत होतो. आज धरलेलं नाही, जशी आली तशी ठेवतो. नीट बघ.

पाटी तुझ्या मांडीवर ठेवली आहे. साहेबांना दिली नव्हतीस, मलाही उगाच देऊ नकोस.

तुझा,
बाबा