रबरी पोट आणि चौथी ओळ

प्रिय मेहुणेबुवा ओइवा यांस,

तळ्याच्या या काठावरून ताइस्तोचा नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात तुम्ही चार पानं गुडघ्यावरच लिहिली होतीत. (आपण शाळेत एका वर्गात बसायचो तेव्हा तुम्ही आम्हा हामेकरांसारखेच अबोल होतात. चाळीस वर्षं सावोसारख्या बडबड्या मुलखात राहून माणूस बिघडतो तो असा.) माझ्याकडे सर्व कुशल आहे. माझ्याकडे म्हणजे, तुमची बहीण लेम्पी गेल्यापासून, मी आणि मांजर. मूत्रपिंडांचं विचाराल तर दोघांनीही संगनमताने निवृत्ती घेतली आहे, आणि आठवड्यातून तीनदा इस्पितळातलं यंत्र त्यांचं काम करतं. बाकी मला कोणाची, कशाची गरज नाही. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे तुम्हाला काळजी नको.

तर पत्रास कारण की, गेल्या आठवड्यात मी पुन्हा शाळेत गेलो. आपल्याच शाळेत! ती पिवळी लाकडी इमारत अजून उभी आहे, फक्त आता तिथे मुलांऐवजी मोठी माणसं शिकतात. वर्षातून एकदा मूत्रपिंडाच्या डॉक्टरांचा आणि परिचारिकांचा उजळणीवर्ग तिथे भरतो, आणि यंदा त्यांना सरावासाठी एक जिवंत रुग्ण हवा होता. कुर्किलाबाई जिथे पेटी वाजवायच्या त्या कोपऱ्यात आता हात धुण्याचं बेसिन आहे. बाईंनी उभं करून कविता म्हणायला लावल्या तोही हाच वर्ग, हे मी तिथल्या सगळ्यांना सांगितलं. काहींना दोनदा.

माझा त्यात स्वार्थ होता, तो लपवत नाही. वसंताच्या सुरुवातीला माझ्या पोटात एक नळी बसवली, हे तुम्हाला कळवलंच होतं. तिच्यातून पिशवीभर पाणी पोटात सोडायचं, काही तास ठेवायचं, काढायचं, पुन्हा नवं भरायचं. जमलं की यंत्र सुटलं. घरीच काय, तळ्याकाठच्या झोपडीतही राहता येतं. पण हे शिकवणाऱ्या बाई निवृत्त झाल्या, आणि त्यांच्या जागी येणाऱ्या मेर्वीला आधी या वर्गाची परीक्षा पास व्हायला हवं. ती पास झाली तर माझा उन्हाळा झोपडीवर. नापास झाली तर शरद ऋतूपर्यंत यंत्र, आणि शरदात तळ्याकाठी काय उरतं ते तुम्ही जाणताच. शिवाय या वयात माणसाने किती उन्हाळे पुढे ढकलावेत?

मेहुणेबुवा, ही माणसं बघायला हवी होतीत तुम्ही. तीस-तीस वर्षं नोकरी झालेल्या बाया, नातवंडांच्या आज्या, पण पुन्हा पहिल्यापासून हात धुवायला शिकत होत्या. बोटांच्या बेचक्या, अंगठ्याची मुळं, नखांच्या कडा! मला वाटायचं, माणूस एकदा हात धुवायला शिकला की शिकला. छे! दरवर्षी काहीतरी नवं निघतं आणि या बाया ते वहीत उतरवून घेतात, परीक्षेच्या आदल्या दिवशी पाठही करतात. आपण पाढे कसे पाठ केले आणि कसे विसरलो ते आठवून मला लाज वाटली. एकच जाच होता. आम्हा यंत्रवाल्यांना पाणी, कॉफी सगळं मोजून प्यायचं असतं. कॉफीच्या सुट्टीत मी दुसऱ्या कपाकडे हात नेला, तर खोलीतल्या सगळ्या गप्पा थांबल्या. तीस मूत्रपिंडतज्ज्ञ माझ्या हाताकडे बघत होते. मी हात तसाच पुढे नेऊन टेबलावरची फुलं नीट केली.

परीक्षेच्या दिवशी त्यांनी माझ्या पोटावर एक रबरी पोट बांधलं. (म्हणजे खालची नळी खरी, वरची खोटी. सदऱ्याची बटणं लागेनात.) हातात एक कार्ड दिलं. त्यावर लिहिलेला माणूस मी व्हायचं. मी अठ्ठेचाळीस वर्षांचा ट्रकचालक, आणि माझ्या मनात एक काळजी दडलेली, ती मेर्वीने पिशवी बदलायला शिकवता शिकवता बाहेर काढायची. पिशवी तिने झकास बदलली. हात धुतले ते तर पेटी वाजवल्यासारखे. मग ती समोर बसली आणि विचारलं, "ताइस्तोकाका, मनात काय आहे?"

आता सकाळीच मुख्य परीक्षक डॉक्टर हाउकिओ यांनी शिकवलं होतं की प्रश्न विचारा आणि गप्प बसा. रुग्ण बोलेपर्यंत तोंड उघडू नका. ही पद्धत कुठल्यातरी बोलक्या देशात निघाली असावी. तिथल्या माणसाला शांतता टोचत असेल. इथे बाई अबोल हामेची आणि बुवाही हामेचा! मेर्वी गप्प. मी गप्प, कारण चष्मा कोटात राहिलेला आणि ट्रकवाल्याची काळजी साफ विसरलेली. खिडकीवरची माशीसुद्धा अदबीने बसून राहिली. पहिल्या बाकावरच्या बाईंनी लोकरीचा मोजा विणायला घेतला. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. खिडकीतून तळं दिसत होतं, बर्फ नुकताच गेलेला, पाणी काळंभोर. त्या कोपऱ्यात मला बेसिन दिसेना, पेटी दिसायला लागली. मोजा टाचेपर्यंत आला असेल तेव्हा मी उभा राहिलो (रबरी पोटासकट) आणि हात मागे बांधून म्हणालो:

तळ्या, तुझ्या काठी माझी होडी बांधलेली,
दोर भिजला, भिजत भिजत गाठ घट्ट झाली;
येतो म्हणून गेलो, त्याला लोटले रे दिन...

आणि चौथी ओळ येईना! तिसरीच्या वर्गात याच ओळीवर अडायचो, तेव्हा निदान बाजूच्या बाकावरून कोणी कुजबुजायचं. मेर्वीने कुजबुजलंही नाही. नुसती बघत राहिली, आणि मी, ओळ शोधता शोधता, भलतंच बोलून गेलो. म्हणालो, "मला झोपडीवरच्या सौनात, माझ्या लेम्पीच्या त्या वाफेच्या खोलीत बसायचंय. याच उन्हाळ्यात. पोटात नळी असताना बसता येतं का, हे विचारायची हिंमत होत नाहीये. कोणी नाही म्हणालं तर?"

मेर्वी म्हणाली, "मग तिथवर पोचायचं कसं, ते बघू. आधी हात धुवा."

डॉक्टर हाउकिओ कागद चाळत म्हणाल्या, "पण कार्डावर ट्रक आहे."

"अहो डॉक्टर, ट्रक गेला खड्ड्यात!" मोजेवाल्या बाई ओरडल्या. "खालच्या पायरीवर बसू दे त्यांना."

"पहिल्या उन्हाळ्यात? जखम भरू दे आधी!"

"भरलीच असेल की! वर नीट पट्टी लावायची, आणि बाहेर आल्यावर कोरडं करायचं."

"आणि पिशव्या? त्याही सौनात गरम करतील हे! माझा एक म्हातारा करत होता."

मेहुणेबुवा, दुपारच्या व्याख्यानात डुलक्या घेणाऱ्या बाया जाग्या झाल्या. कोणी पायऱ्यांची उंची सांगे, कोणी वाफेची. डॉक्टरांनी सगळ्यांना हाताने थोपवलं आणि मला अगदी गंभीरपणे विचारलं, "आजोबा, चूल विजेची की लाकडाची?"

"लाकडाची," मी म्हणालो.

त्यांचा चेहराच बदलला; लाकडाच्या वाफेला आपल्याकडे कोण नाही म्हणणार? त्यांनी माझी खरी नळी स्वतः तपासली, जखम चांगली भरल्याचं सांगितलं आणि निकाल दिला: पिशव्या बाहेर, आजोबा आत, खालची पायरी, थोडाच वेळ, पट्टी लावून. मग मेर्वीकडे वळून म्हणाल्या, कार्डात नव्हतं तेही जिने बाहेर काढलं, तिला नापास कुठल्या तोंडाने करू? मेर्वी रडली. मी रडलो नाही, रबरी पोट फार घट्ट होतं इतकंच.

सोमवारपासून माझं शिक्षण सुरू होतंय. भर उन्हाळ्यातल्या युहान्नुसच्या सणाला शेकोट्या पेटतील तेव्हा मी झोपडीवर असेन. सगळं ठरलंय, सगळं जमलंय, मला कोणाची गरज नाही. गुडघ्याला जपा.

तुमचा,
ताइस्तो

ता. क. एक बारीकशी गोष्ट राहिली. पिशवीचं टोपण फिरवताना माझी बोटं थरथरतात, ते मेर्वीने पाहिलं. शेजारी कोणी नाही अशा झोपडीवर जायचं, तर सोबत शिकलेलं दुसरं माणूस हवं, असा नियम आहे. तिने विचारलं, "दुसरं कोण?" आणि गप्प बसली. या बाईला आता ते शस्त्र सापडलंय. मी बराच वेळ टिकलो, मग तुमचं नाव सांगून टाकलं. वर्ग सोमवारी नऊला आहे. नखं कापून या. अंगठी काढावी लागते.

ता. क. २. लेम्पीच्या अंत्यविधीनंतर सौनाचं धुराडं वाकडं आहे की सरळ यावरून आपलं जे झालं, ते अजून तसंच उभं आहे. धुराडंही. येऊन बघा.

ता. क. ३. तिसरीत बाजूच्या बाकावरून मला चौथी ओळ तुम्हीच कुजबुजायचात. आठवत असेल तर पत्राने कळवू नका. घेऊन या.