साडेतीन फुटांचं दार

४ सप्टेंबर

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद.

पन्नाशी उलटली तरी तुला ठोंब्याच म्हणणार, कारण दुसरं नाव सुचावं असं तू काही केलेलं नाहीस. आता संधी आहे. ह्यांना मागच्या अंगणात काचघर हवंय. दर थंडीत बिगोनिया मरतात आणि प्रत्येक कुंडीमागे माणूस दोन वेळा जेवत नाही. नोव्हेंबरचा गारठा पडायच्या आत व्हायला हवं. वेल्डर येऊन गेला. दोन कप चहा प्यायला, अंगणाकडे बघून बघू म्हणाला आणि तेव्हापासून बघतोच आहे. तू नकाशे काढणारा माणूस, तर कोणतं बांधावं ते कळव. उंची भरपूर ठेव. स्वयंपाकघराच्या चौकटीला ह्यांचं कपाळ रोज हजेरी लावतं.

लोभ आहे तेवढा पुरे, उत्तर लवकर हवं.
तुझी ताई


११ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काचघरं तीन जातींची. एक कमानीचं: पाईप वाकवायचे, वर प्लॅस्टिक ताणायचं. स्वस्त, पण जोराच्या वाऱ्यात उलट्या छत्रीसारखं शेजाऱ्याकडे मुक्कामाला जातं. दुसरं एकपाखी: घराच्याच भिंतीला टेकवलेलं, एकाच बाजूला उतार. दुसऱ्याच्या जिवावर उभं, म्हणजे आपल्या घराण्याला शोभणारं. तिसरं दुपाखी: दोन्हीकडे उतार, चारी बाजूंनी काच, स्वतःच्या पायांवर. भावोजींना दुपाखीच. सोबत चार रंगांत नकाशा आहे. उंचीचा अंदाज यावा म्हणून दारात एक माणूस काढायची आमच्यात पद्धत असते; मी भावोजी काढलेत, ताठ, हातात झारी. आमच्या ऑफिसात नकाशे मंजूर होत नाहीत, मुरतात. हा तेवढा ताजा आहे. ऑक्टोबरात रजा काढून ओळखीचा सुतार घेऊन येतो.

लोभ वाढवू नये, ठेवायला जागा नाही.
तुझा ठोंब्या


२९ सप्टेंबर

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद.

नकाशा ह्यांनी पलंगासमोर लावून घेतलाय. येणाऱ्याजाणाऱ्याला दारातला माणूस दाखवतात. दोन-तीन बदल मात्र हवेत. दार साडेतीन फूट रुंद कर, उंबरठा काढून टाक, आणि उंची साडेपाच फूट पुरे. का ते विचारू नकोस; कुंड्या गाडीवरून न्यायच्या आहेत असं समज. वेल्डर पुन्हा आला. दुपाखीला दुसरा माणूस लागेल, आणि त्या दुसऱ्याशी त्याचं बोलणं नाही, एवढं चहाबरोबर सांगून गेला. तुझी रजा अलीकडे आणता आली तर बघ.

लोभापेक्षा तूच असलेला बरा.
तुझी ताई


१० ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बदल वाचून पेन्सिलीचं टोक मोडलं. साडेतीन फूट! आत बिगोनिया ठेवायच्या आहेत की हत्ती? उंबरठा नसेल तर आत तळं साचेल. हत्तीची सोय होईल म्हणा. साडेपाच फुटांत भावोजींना वाकून चालावं लागेल, आणि तेवढे ते आपल्या बाबांपुढेही वाकले नव्हते. तरी नवा नकाशा पाठवतोय, माणूस वाकवून. सुतार मुलीकडे गेलाय आणि साहेब रजेच्या अर्जावर चष्मा ठेवून बसलेत. नोव्हेंबरअखेर नक्की. तोवर तिसरा पर्याय काढून ठेवतो.

हत्तीसह सर्वांवर लोभ असावा.
तुझा ठोंब्या


२२ ऑक्टोबर

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद.

तिसरा पर्याय नको. दुपाखीही नको. एकपाखी बांधू, आमच्या खोलीच्या भिंतीला, खिडकी त्याच्या आत उघडेल असं. महिन्यापूर्वी ह्यांना चाकांच्या खुर्चीतून आत न्यायचा विचार होता. खुर्चीत हे, ढकलणारी मी. म्हणून ते दार, म्हणून ती उंची. आता खुर्चीतही बसवत नाही. फुप्फुसाचं आहे. डॉक्टर हल्ली माझ्यावर खेकसत नाहीत, फार गोड बोलतात, त्यावरून समजायचं ते समजले. तुला कळवायचं नाही अशी ह्यांनी शपथ घातली होती. ठोंब्या विनोद करायचा थांबेल म्हणाले. तुझं हत्तीचं पत्र दोनदा वाचून घेतलं. हसले, मग खोकला आवरेना. पलंगावरून एकदा काचेखाली ठेवलेल्या कुंड्या दिसाव्यात, एवढंच त्यांचं मागणं आहे.

नकाशा पाठवू नकोस. तू ये.
ताई


२६ ऑक्टोबर

ताई,

नमस्कारही धड लिहवत नाही. चष्म्याखालचा अर्ज तिथेच सोडून निघतोय, रविवारी पोचतो. सुतार नाही, माझेच हात आणतोय. त्यांनी आजवर खिळा फक्त कागदावर ठोकलाय. वेल्डरला धरून ठेव, चहा पाजत राहा. भावोजींना सांग, हत्ती निघालाय.

ठोंब्या


१९ नोव्हेंबर

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचल्याचं पत्र मिळालं. हे शनिवारी गेले आणि तू रविवारी आलास, यावर तू इथे असताना आपण बोललो नाही, आता कागदावर कशाला. हत्ती निघाल्याचं मात्र त्यांना वाचून दाखवलं होतं. ऐकू आलं असावं, ओठ हलले.

पुढचे पंधरा दिवस तू आणि वेल्डर ते बांधत राहिलात आणि कुणासाठी, हे कुणीच कुणाला विचारलं नाही. वेल्डरने एकदाही चहा घेतला नाही. आता खुर्चीतून आत न्यायला कुणी नाही, तरी दार तू साडेतीन फुटांचंच ठेवलंस. मी बघत होते.

छप्पर एका कोपऱ्यात गळतं, पण उभं आहे. खिडकी उघडली की तिथली ऊब खोलीत येते, पलंगापर्यंत. मात्र दार फार रुंद झालंय रे. उघडलं की सगळा गारठा आत घुसतो. काल दोन बिगोनिया गेल्या. सवडीने येऊन ते लहान कर. आधी नकाशा काढशीलच, तुला राहवणार नाही. तेव्हा दारात अंदाजासाठी माणूस काढतोस ना, तो या वेळी माझ्या उंचीचा काढ.

तुझी ताई