बचतीसाठी उचल

१ मार्च

काल शेवटचा हप्ता गेला. कर्ज संपलं. सकाळी हॉलमध्ये उभं राहून मी "संपलं एकदाचं" असं दोनदा मोठ्याने म्हणालो. बायको गिऱ्हाइकाच्या पडद्याला अस्तर लावत होती. तिने तोंडात धरलेली टाचणीसुद्धा काढली नाही.

कर्ज मसाज खुर्च्यांचं होतं. चार खुर्च्या. कल्पना उत्तम होती, आजही आहे. दवाखाना, सलून, जिथे म्हणून माणसं ताटकळतात तिथे खुर्ची ठेवायची. नाणं टाकलं की पाठ रगडून मिळणार. लोक नाणं न टाकताच बसायला लागले. मग झोपायला लागले. यात माझं काय चुकलं ते कोणीतरी सांगावं. तीन खुर्च्या मातीमोल गेल्या. चौथी हॉलमध्ये आहे, तिच्यातच बसून हे लिहितोय.

कर्ज फेडलं कोणी, असा प्रश्न उद्या कोणी काढलाच तर: मुलीच्या पगारातून, बायकोच्या पडद्यांतून आणि माझ्या पगारातून. शिवाय मानसिक ताण. तो पूर्णपणे मी एकट्याने सोसला. त्याचा हिशोब कोणी धरत नाही.

संकल्प: घराची सूत्रं परत हाती घेणे.

२ मार्च

सूत्रं मिळाली नाहीत.

मुलगी एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. सवय घरापर्यंत आली आहे. जेवताना तिने जाहीर केलं की हप्ता थांबणार नाही. तेवढीच रक्कम दर महिन्याला बचत खात्यात जाईल, आधी इमर्जन्सी फंडात. मी शांतपणे समजावलं की हप्ता संपल्यावर जे उरतं त्याला मोकळे पैसे म्हणतात. ती म्हणाली, आपल्या घरात पैसे मोकळे सुटले की त्यांच्या खुर्च्या होतात.

मी विचारलं, इमर्जन्सी म्हणजे नक्की काय? आग? पूर?

"तुम्ही," ती म्हणाली.

तिला बहुधा "तुम्ही सांगा" असं म्हणायचं असावं. वाक्यं अर्धवट सोडायची सवय आईची.

४ मार्च

फ्रिजवर बजेट चिकटवलंय. भाडं, किराणा, वीज, बाबा, औषधं, प्रवास. बायकोच्या नावाचं सदर नाही, माझ्या नावाचं आहे. कुटुंबप्रमुख म्हणून ते योग्यच. फक्त रक्कम इंटरनेटच्या बिलापेक्षा कमी आहे. "कुटुंबप्रमुख" असं वेगळं सदर हवं, अशी मागणी मी केली. बायकोने विचारलं, त्यात रक्कम शून्य लिहायची की त्याहून कमी.

दोघी एक झाल्यात. हे घर नाही, युती आहे.

९ मार्च

"बाबा" सदर संपलं. खर्च अनिवार्य होता. आमच्या शोरूममध्ये (नळ, शॉवर, बेसिन, मी तिथला सीनियर सेल्समन) कर्जमुक्तीनिमित्त सगळ्यांना चहा आणि केक दिला. कॅशिअर, ड्रायव्हर, गोडाउनमधले दोघे. मालकांना बोलावलं नव्हतं. केक सर्वांत जास्त त्यांनीच खाल्ला.

घरी जादा रक्कम मागितली. एक तारखेला मिळेल, असं उत्तर आलं. मी कामावर चालत जायला लागलो आणि फ्रिजवर मोठ्या अक्षरात लिहिलं: प्रवासखर्च वाचवला. मुलीने त्याखाली लिहिलं, वाचलेले पैसे बचत खात्यात टाकावेत.



१५ मार्च

आज या घरात माझा जो अपमान झाला त्याची नोंद राहायला हवी.

मुलीने मला न विचारता खुर्ची कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याला विकली. तो दोन माणसं घेऊन आला. मी खुर्चीत बसलो आणि उठलो नाही. प्रश्न तत्त्वाचा होता. बायको म्हणाली, अहो उठा, त्याची गिऱ्हाइकं खोळंबली असतील. मी म्हणालो, ही ॲसेट आहे, ॲसेट विकून कोणी श्रीमंत होत नाही. मुद्दा बिनतोड होता. सलूनवाला अदबीने म्हणाला की घ्यायच्या आधी चालवून बघायला हवी, आणि त्याने नाणं टाकलं.

खुर्ची सुरू झाली. उरलेला सगळा मुद्दा मी थरथरत मांडला. एक शब्द कोणाला कळला नाही. मुलगी खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. मला आधी वाटलं, रडते आहे.

पैसे इमर्जन्सी फंडात गेले. मला त्यातला छदाम नाही. हे स्टुलावर बसून लिहितोय.

१६ मार्च

संकल्प: स्वतंत्र बचत. यांच्या फंडाच्या तोंडात मारेल अशी. एकदम मोठी. थेंब थेंब साठवणं हे माझ्या स्वभावात नाही.

अडचण एकच. भांडवल.

१८ मार्च

मार्ग निघाला. मालकांकडून साठ हजारांची उचल घेतली. एप्रिलच्या पगारापासून दरमहा दहा हजार कापणार. मालकांनी कारण विचारलं. मी म्हणालो, बचत. त्यांनी परत विचारलं. मी परत तेच सांगितलं. कॅशिअरने शेवटी "वैयक्तिक" असं लिहिलं. अर्थशास्त्र या लोकांच्या डोक्यावरून जातं.

हे कर्ज नाही, हे स्वतःसाठी स्पष्ट लिहून ठेवतो. कर्ज खर्चासाठी काढतात. हा माझाच पगार आहे, फक्त लवकर आलेला.

२० मार्च

एफडीची पावती जेवणाच्या टेबलावर ठेवली. काही बोललो नाही, मुद्दामच. मुलीने उलटसुलट करून वाचली. पैसे कुठले, असं विचारलं. मी म्हणालो, कमिशन, एका हॉटेलची बेसिनची मोठी ऑर्डर. हे वाक्य तयार नव्हतं, आपोआप आलं. बायकोने हातातलं कापड खाली ठेवलं. खरंच का हो, म्हणाली. या बाईने माझ्यासाठी हातातलं कापड खाली ठेवून किती दिवस झाले होते.

मुलगी पावती खाली ठेवून म्हणाली, "मला वाटलं नव्हतं, बाबा."

मी म्हणालो, असू दे. छातीत जरा कसंतरी झालं. ॲसिडिटी असणार.

२ एप्रिल

"बाबा" सदराची रक्कम वाढली. न मागता. मुलीने विजेच्या बिलाबद्दल माझं मत विचारलं. मी बराच वेळ मत दिलं. मग बायकोला दोऱ्याची नासाडी या विषयावर समजावलं. तिने ऐकून घेतलं.

ड्रायव्हरला सांगितलं, घरात शिस्त लावली की माणसं आपोआप सुधारतात.

१४ एप्रिल

मुलीच्या लॅबची दुसऱ्या शहरात शाखा निघते आहे. तिथे तिला इन्चार्ज म्हणून बोलावतायत, पगारही चांगला आहे. म्हणे जानेवारीतसुद्धा विचारलं होतं, तिने नाही म्हणून सांगितलं. घर टाकून जाता येणार नव्हतं. आता हो म्हणावं असं तिला वाटतंय.

"आता तुम्ही आहात," ती म्हणाली.

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. सांगणारही होतो. पण बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि अशा वेळी हिशोबाचं बोलणं बरं दिसत नाही. उपाय सोपा आहे. एफडी मोडायची, उचल परत करायची, विषय संपला. उद्याच.

१६ एप्रिल

शोरूममध्ये गर्दी. एका माणसाला शॉवर पसंत पडेना. पाणी नसलेला शॉवर माणूस किती वेळ बघू शकतो? उद्या नक्की.

२२ एप्रिल

बायकोच्या शिलाई मशीनची मोटर जळाली. ऐन एका सभागृहाच्या पडद्यांच्या ऑर्डरमध्ये. मेकॅनिकने मोटर उघडली, वास घेतला, मान हलवली. मुलगी म्हणाली, इमर्जन्सी फंड यासाठीच आहे, मोटर बदलून घेऊ. मी हात वर केला. म्हणालो, फंडाला हात लावायचं कारण नाही, मी आहे ना.

एफडी मोडली. नुसती मोटर कशाला? घ्यायचं तर चांगलं घ्यावं. नवीन मशीन आणलं, मोठं, भरतकामाची सोय असलेलं. बायको दुकानात दोनदा म्हणाली की मला भरतकाम येत नाही. मी म्हणालो, येईल. येताना मुलीसाठी चाकांची सुटकेस घेतली. थोडे पैसे उरले होते. ते रिक्षा, आइस्क्रीम वगैरे.

घरी तिघांनी मिळून मशीन लावलं. मुलीने सुटकेस हॉलभर फिरवून बघितली. चांगला दिवस.

उचलीचं काय ते बघू.

१ मे

पगार कापून आला. एवढा कापतील असं वाटलं नव्हतं. म्हणजे आकडा माहीत होता, पण कागदावर दहा हजार वेगळे दिसतात. घरी सांगितलं, पगार लांबला.

३ मे

बँकेचा सर्व्हर.

५ मे

मुलीने भाडं तिच्या पैशांतून भरलं. म्हणाली, मालक पगार वेळेवर देत नसतील तर बोला त्यांच्याशी. मी म्हणालो, बोलतो. मालकांवर मला खरोखरच संताप आला. बिचाऱ्यांना कल्पना नाही.

८ मे

हे घडायला नको होतं, आणि घडलं ते कॅशिअरमुळे.

मुलगी न सांगता शोरूममध्ये आली. नव्या शहरात तिने खोली बघितलीय, तिथला शॉवर मोडका आहे. स्टाफ डिस्काउंटमध्ये एक घ्यावा, असा तिचा विचार. तिने स्वतः निवडला, साधाच, आणि काउंटरवर नेला. कॅशिअर म्हणाला, उचल चालू असेपर्यंत स्टाफ डिस्काउंट मिळत नाही, ताई. तिने विचारलं, कसली उचल? त्याने सांगितलं. आकड्यासकट. तारखेसकट. या माणसाला मी केक खाऊ घातला होता.

तिने शॉवर होता त्याच हुकवर परत अडकवला आणि निघून गेली.

घरी गेलो तर दोघी बसलेल्या. मी सुरुवातच केली की तांत्रिकदृष्ट्या बघायला गेलं तर ते कर्ज नाहीच. मुलीने पूर्ण ऐकलं. मग म्हणाली, "खर्चासाठी खोटं बोलायचात तेव्हा मला कळायचं, बाबा. बचतीसाठी बोलाल, हे सुचलंच नाही मला."

आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. भांडणात मी चांगला आहे.

बायकोने विचारलं, मग हे मशीन कोणाच्या पैशांचं? मी म्हणालो, आपल्याच. ती उठली, मशीनवर चादर टाकली आणि ऑर्डरचा उरलेला पडदा हाताने शिवायला बसली. हे निव्वळ मला दाखवण्यासाठी.

११ मे

मशीन दुकानदाराने परत घेतलं, पैसे बरेच कापून. जुन्याला मोटर बसली. बायको स्वतःच जाऊन सगळं करून आली. दुकानदार भला माणूस आहे म्हणाली. माझ्याकडे बघून म्हणाली.

मालकांनाही भेटलो. कपात महिन्याला पाच हजार करा म्हणालो, हप्ते वाढले तरी चालतील. ते म्हणाले, बचत कशी चाललीय?

१३ मे

एक गोष्ट बरी झाली. आता मुलगी जाणार नाही. घराची अशी अवस्था असताना कशी जाईल? ड्रायव्हरला सांगितलं, ती थांबतेय. तो म्हणाला, वाईट झालं. मूर्ख आहे.

आता ती थांबणारच आहे तर मोठ्या मनाने तिला माफ करावं असं ठरवलं. शोरूममध्ये तमाशा झाला त्याबद्दल.

१५ मे

हॉलमध्ये सुटकेस उघडी आहे. अर्धी भरली आहे. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, मी हो म्हणून कळवलंय. तुमच्या शब्दावर कळवलं, आता माझ्या शब्दावर जाते.

मग तिने आईला जवळ बसवून फोनमध्ये सगळं दाखवलं. फंडाचं खातं आता एकट्या बायकोच्या नावावर आहे. पासवर्ड ठरवताना दोघींनी मला पाणी आणायला पाठवलं. मी आणलं. तोवर ठरला होता.

१७ मे

गेली. सुटकेस मी खाली नेत होतो, तिने मध्येच हातातून घेतली. चाकं आहेत, म्हणाली. मी खर्चावर नियंत्रण या विषयावर चार शब्द तयार करून ठेवले होते, परक्या शहरात उपयोगी पडतील असे. पण ती आईच्या गळ्यात बराच वेळ पडून होती. टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला. मग माझ्याकडे वळली.

"उचल फिटली की कळवा," म्हणाली.

जाताना मुलीने बापाला असं बोलू नये. वर आल्यावर बायकोला तसं म्हणालो. तिने मशीन सुरू केलं.

१ जून

पगार झाला, कपात होऊन. फोनवरून बायकोच्या खात्यात पाठवला. पाठवेपर्यंत ती शेजारी उभी होती. तिने मला खर्चाला दिले ते मागच्या महिन्यापेक्षा बरेच कमी. मी म्हणालो, आता दोघंच आहोत, खर्च कमी झाला, मग माझे पैसे वाढायला हवेत. साधं गणित आहे.

"घरातलं माणूस कमी झालंय," ती म्हणाली. "कमावणारं."

यावर मला चांगलं उत्तर सुचलं. एकदम बिनतोड. पण ते मुलीला द्यायचं उत्तर होतं, आणि ती इथे नव्हती. बायको तोवर आत गेली होती.